सोडवही

सकाळी सव्वासातला बेल वाजली की ओळखावं, नानांनी काहीतरी सोडलंय. आमचा दूधवाला साडेसहाला येऊन जातो, पेपरवाला बेल वाजवत नाही, आणि तोंडात ब्रश असताना दारात उभं राहून "पेन आहे का?" असं विचारणारा माणूस आमच्या सोसायटीत एकच. खरं तर नानांच्या स्वतःच्या खिशाला दोन पेनं असतात, एक निळं, एक लाल. पण सही माझी लागते, आणि साक्षीदारानं सही आपल्याच पेनानं करावी असा नानांचा नियम आहे. चौतीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढलेल्या माणसाचे नियम सुटत नाहीत. बाकी सगळं सुटतं.

"साखर," नाना म्हणतात आणि वही पुढे करतात.

वही लांबोळकी, कापडी बांधणीची, दोनशे पानी. पूर्वी किराणा दुकानात उधारीची असायची तशी. वर लेबलावर ठसठशीत अक्षरांत 'सोडवही'. आत लाल शाईनं आखलेले सहा रकाने : अनुक्रमांक, दिनांक, सोडलेली बाब, कारण, साक्षीदार, शेरा. पहिले पाच रकाने सोडण्याच्या दिवशीच भरले जातात. शेऱ्याचा रकाना मागाहून भरला जातो, दुपारी, काकू झोपल्यावर, एकट्यानं. उदाहरणार्थ, अनुक्रमांक ४१ ला साखर आहे, साक्षीदार मी आहे, आणि शेरा आहे : 'गूळ चालू.' अनुक्रमांक ४६ ला गूळ आहे. शेरा : 'मध. डॉक्टरांना विचारणे.' आणि ५२ ला पुन्हा साखर.

"नाना, साखर तर तुम्ही आधीच सोडली होतीत," मी एकदा सही करता करता म्हणालो.

"ती मागच्या आर्थिक वर्षात," नाना म्हणाले.

माणसं नोकरीतून निवृत्त होतात. नानांनी तो शब्द फार मनावर घेतला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं की, आता वानप्रस्थ. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले आणि नातवंडाचं तोंड पाहिलं की गृहस्थानं वनात जावं, असं मनूनं सांगून ठेवलंय. नानांच्या तिन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या. अडचण वनाची होती. कोथरूडमध्ये राहणाऱ्याला वन म्हणजे टेकडी. तेव्हा नाना रोज पहाटे टेकडीवर जातात आणि दूध उतू जाण्याच्या आत परत येतात, कारण गॅसपाशी उभं राहण्याचं काम त्यांच्याकडे आहे. ते त्यांनी अजून सोडलेलं नाही. काकूंनी सोडू दिलेलं नाही, असंही म्हणता येईल.

असा एक नाना प्रत्येक कुटुंबात असतो. कुठे त्यांना अप्पा म्हणतात, कुठे भाऊसाहेब. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट समोर आलं की ते हात आडवा धरतात. हात आडवा धरणं ठीक, पण वाढपी पुढे सरकला तर त्यांचा चेहरा पडतो. वाढप्यानं थांबावं, "का हो?" विचारावं, शेजारच्या चार पानांवरच्या माणसांनी माना वळवाव्यात, मग सांगावं : "सोडली." एवढं झालं की अर्धी जिलबी चालते.

नाना समाधानी आहेत. ते स्वतःच सांगतात. "मी समाधानी आहे" हे वाक्य ते अशा सुरात म्हणतात की, ऐकणाऱ्याला वाटावं महापालिकेकडे पाण्याची तक्रार चालू आहे. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. समाधानाचा दाखलाही तसाच द्यायची पद्धत असती, तर नाना एक तारखेला सकाळी बँकेच्या शटरबाहेर पहिल्या नंबराला दिसले असते, सोबत दोन साक्षांकित प्रती घेऊन.

चहा त्यांनी माझ्या माहितीत सात वेळा सोडला. सातव्यांदा सोडल्यावर तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तर नाना बशीतून फुर्रकन चहा पीत होते. मी काही बोललो नाही. पण माझी नजर त्यांनी टिपली. आक्षेप निघायच्या आधी खुलासा तयार ठेवायची सवय.

"अरे, सोडला म्हणजे मागायचा सोडला. समोर आला तर नाही म्हणणं हा अहंकार. तोही सोडायला नको का?"

"पण नाना, काकूंनी आपणहून आणून दिला?"

"मी फक्त म्हणालो की, पाणी उकळतंय वाटतं."

काकू आतून म्हणाल्या, "तीनदा म्हणालात."

या सगळ्या सोडण्याची सुरुवात काशीला झाली. अकरा वर्षांपूर्वी नाना-काकू पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेसनं काशीला गेले. गाडीचं नाव ज्ञानगंगा आहे यातच नानांना संकेत दिसला होता. आपल्याकडे काशी-गयेला गेलं की एक भाजी, एक फळ सोडून यायची पद्धत. शास्त्राचा अर्थ असा की, जे अत्यंत आवडतं ते सोडावं, मन एका ठिकाणी तरी मोकळं करून यावं. पण मराठी माणसानं शास्त्रातून पळवाट काढली नाही असं कधी झालंय? माझ्या आजीनं रामफळ सोडलं, जे आमच्या गावात मिळतच नव्हतं. एका मावशीनं कारलं सोडलं आणि आल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. एका मामानं दुधी भोपळा सोडला, त्यावर मामी वर्षभर त्यांच्याशी नीट बोलत नव्हती, कारण दुधी ही तिची एकमेव हुकमी भाजी. काशीला जाऊन हापूस सोडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. रत्नागिरीकडचा असेल तर त्याची घरचीच माणसं त्याला गाडीत बसू देणार नाहीत.

नानांनी पडवळ सोडलं.

आता पडवळाबद्दल मला वैयक्तिक वैर नाही. वेलीवर लोंबताना ती भाजी सापासारखी वळते, म्हणून शेतकरी तिच्या टोकाला दगड बांधून तिला सरळ वाढवतात. इतकी खटपट करून घरी आणल्यावर मुलं नाक मुरडतात, हे तिचं नशीब. नानांना लहानपणापासून पडवळाचा वास सहन होत नसे. वाड्यातल्या चुलीवर ज्या दिवशी पडवळ शिजे त्या दिवशी ते ओसरीवर जेवत. असं पडवळ त्यांनी दशाश्वमेध घाटावर गंगेचं पाणी ओंजळीत घेऊन सोडलं. काकू सांगतात, त्या दिवशी सकाळी त्यांनी कचोरी-जिलबी खाल्ली होती, दुपारी टमाटर चाट, संध्याकाळी रबडी आणि वर पान. गुरुजींनी विचारलं, "यजमान, काय सोडता?" तर नाना क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. काकूंना वाटलं, आता रबडी जाते. नानांनी डोळे उघडले आणि गंभीरपणे म्हणाले, "पडवळ." गुरुजी उत्तरेकडचे. पडवळ म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. मागे रांग लागली होती.

अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली विश्वनाथाचं देऊळ नव्यानं उभं केलं. केवढं मोठं मन त्या बाईचं. आणि त्या देवळाच्या दारातून आत जाऊन आम्ही देवाला काय दिलं, तर पडवळ, रामफळ आणि कारलं. देव काही बोलत नाही म्हणून.

"आणि काकू, तुम्ही काय सोडलंत?" मी विचारलं होतं.

काकू शेंगा निवडत होत्या. "मी? सोडलं होतं बाई काहीतरी. पेरू की सीताफळ. आता आठवत नाही. दोन्ही आणत नाही हल्ली, बिया दातात अडकतात."

नानांनी कपाळाला हात लावला. "नोंद नाही ठेवली की असं होतं," ते मला म्हणाले. ही वही त्या प्रवासातून आल्यावर सुरू झाली. अनुक्रमांक १ : पडवळ. कारण : काशीक्षेत्री. साक्षीदार म्हणून पहिल्याच पानावर मी. प्रत्यक्ष सोडताना मी घाटावर नव्हतो हे मी निदर्शनाला आणून दिलं होतं. "कार्योत्तर मंजुरी असते," नाना म्हणाले.

चातुर्मासाबद्दल नानांचं मत चांगलं नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लोक कांदा, लसूण, वांगी सोडतात, आणि एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमीला घराघरांतून कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांदेभात असं सगळं चेपून घेतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा चालू. "हे सोडणं नव्हे," नाना म्हणतात, "ही रजा आहे. पदावर लीन ठेवून घेतलेली अर्जित रजा. सोडायचं तर राजीनामा पाहिजे." हे ते कांदेनवमीलाच म्हणतात, आमच्याकडे, भजी खाता खाता. स्वतः चातुर्मास पाळत नसल्यामुळे त्यांना भजी कमी खाण्याचं कारण उरत नाही.

पदं मात्र त्यांनी खरोखर सोडली. सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं, ज्येष्ठ नागरिक संघाचं खजिनदारपद सोडलं. सेक्रेटरीपद सोडतानाचं भाषण चाळीस मिनिटं चाललं आणि त्यात अनासक्ती हा शब्द अनेकदा आला. आज नवे सेक्रेटरी आहेत, तरुण आहेत, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पण गच्चीवरच्या टाकीच्या कुलपाची किल्ली नानांकडे आहे. पद सोडलं, किल्ली सोडायची राहिली. टाकी धुवायची असली की नवे सेक्रेटरी खाली मान घालून तिसऱ्या मजल्यावर येतात, आणि नाना त्यांना विचारतात, "कशाला हवी?" व्हॉट्सॅपच्या ग्रुपमधूनही ते बाहेर पडतात, पण आधी निरोपाचा मोठा मजकूर टाकतात आणि मग तो कोणी वाचला याच्या निळ्या खुणा मोजत बसतात. त्या मोजून होईपर्यंत बाहेर कसं पडणार?

माळा सोडण्याचं प्रकरण सुनेमुळे झालं. ती परदेशात असते. तिनं नानांना जपानच्या मारी कोंडो नावाच्या बाईंबद्दल सांगितलं. या बाईंची घर आवरण्याची पद्धत जगभर गाजलेली आहे. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का ते बघायचं. होत असेल तर ठेवायची, नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. नानांना पद्धत पटली, पण आनंद हा निकष त्यांना मोघम वाटला. त्यांनी त्या जागी 'उपयोगिता व सद्यःस्थिती' असा रकाना आखला आणि एका रविवारी आम्ही दोघं माळ्याखाली शिडी लावून उभे राहिलो.

वरून काय काय निघालं ते लिहायचं तर ही वहीच छापावी लागेल. तांब्याचा बंब निघाला. कुकरच्या जुन्या रिंगा निघाल्या, नऊ. दांड्याशिवायच्या छत्र्या आणि छत्रीशिवायचे दांडे वेगवेगळे बांधून ठेवलेले निघाले. एका पिशवीत किल्ल्या होत्या आणि त्यांतली एकही कुठल्याही कुलपाची नव्हती. नाना प्रत्येक वस्तू हातात घेत, तिच्याकडे रोखून बघत आणि म्हणत, "ही कामाची आहे, हिला बाजूला ठेव." संध्याकाळपर्यंत बाजूचा ढीग माळ्यापेक्षा मोठा झाला.

आणि दिवाळी अंक! काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या माळ्यावर जागा म्हणून नाही. दिवाळी अंक वाचून होत नाही, आणि वाचून झाला नाही म्हणून टाकता येत नाही. नानांकडे एकशे सदतीस होते. ते त्यांनी छातीवर दगड ठेवून रद्दीवाल्याला दिले. मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन येत होतो तर रद्दीच्या दुकानासमोर नाना घासाघीस करताना दिसले. ज्या भावानं किलोवर विकले त्याच्या चौपट पैसे मोजून ते चार अंक नगावर परत घेत होते. शेरा : 'पैकी ४ परत. कोडी अपूर्ण होती.'

पुढे या कोंडो बाईंना तिसरं मूल झालं, आणि २०२३ मध्ये त्यांनीच मोकळेपणानं सांगून टाकलं की आता आपलं घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं, मुलांबरोबरचा वेळ जास्त महत्त्वाचा. सुनेनं ही बातमी पाठवल्यावर नाना दुखावले. काकूंना मात्र त्या बाई पहिल्यांदाच आवडल्या. तसं काकूंनाही साधू समजू नका. त्या काहीच सोडत नाहीत. त्यांच्या ओट्याखाली श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक बसवलेले असतात, आणि त्यातला एक जरी शेजारी गेला आणि परत आला नाही, तर त्या महिनाभर जिन्यात त्या घराच्या माणसाकडे बघून हसत नाहीत. हे डबे सोडवहीत आणायचा प्रयत्न नानांनी एकदाच केला. त्या दिवशी ते जेवायला आमच्याकडे होते.

इगतपुरीला ते विपश्यनेला गेले तेव्हा मात्र मला धास्ती वाटली होती. गोएंकागुरुजींनी उभ्या केलेल्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं चालतात. दहा दिवस आर्यमौन. पहाटे चारची घंटा, दिवसाला दहाएक तास ध्यान, वाचायचं नाही, लिहायचं नाही, खुणेनंसुद्धा बोलायचं नाही. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावरच, वाटलं तर, दान घेतात. नानांना चारची घंटा चालणार होती. मौनही एक वेळ चाललं असतं. पण लिहायचं नाही? सगळं सोडायच्या जागी जाऊन त्याची नोंदच करायची नाही? जाताना वही माझ्याकडे ठेवायला दिली, तेव्हा त्यांचा हात जरा थरथरला.

दहाव्या दिवशी सकाळी तिथे मौन सुटतं. त्यानंतर नाना जे बोलू लागले ते इगतपुरीपासून पुण्यापर्यंत, गाडीतल्या अनोळखी माणसांशी, आणि मग आमच्या घरी रात्री साडेदहापर्यंत. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवशी त्यांना गुडघा आणि आपण वेगळे आहोत असं जाणवलं. पाचव्या दिवशी गुडघा परत आला. सातव्या दिवशी त्यांना पालिकेच्या एका जुन्या हिशेबातली चूक सापडली, १९९४ सालची, जी त्या वेळी सापडली नव्हती. त्यांना रडू आलं. कशानं आलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढं सांगताना मात्र ते थांबले होते, आणि पंख्याकडे बघत होते.

"मग परत जाणार का नाना?"

"अडचण आहे रे. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा असतो, मुरमुरे असतात. दुसऱ्यांदा गेलं की आपण जुने साधक. जुन्यांना नुसतं लिंबूपाणी."

"पण चहा तर तुम्ही—"

"मागायचा सोडलाय," नाना म्हणाले.

त्यानंतरच्या माघात त्यांनी एका कीर्तनात तुकोबांची कथा ऐकली. घरची सावकारी, दुष्काळ, आणि मग कुळांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवून टाकली ती. कथा नवी नव्हती, पण त्या दिवशी लागली. सी विंगमधल्या एका गृहस्थांकडून नानांना दोन हजार सातशे पन्नास रुपये येणं होतं. चार वर्षं झाली होती. ते गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले की हवेबद्दल बोलत. दुसऱ्या दिवशी सव्वासातला बेल वाजली. 'येणे रक्कम रु. २,७५०. सोडली.' या खेपेला मी सही जरा जोरात केली. मला खरंच भरून आलं होतं. इंद्रायणी लांब, म्हणून आम्ही स्कूटरवरून विठ्ठलवाडीला गेलो आणि नानांनी त्या उधारीची चिठ्ठी मुठेत सोडली. नदीत जलपर्णी माजली होती. चिठ्ठी बुडेना. एका पानावर ती जाऊन बसली आणि आमच्याकडे तोंड करून तशीच राहिली, त्या गृहस्थांच्या सहीसकट. नानांनी दोन खडे मारले. मग आम्ही देवळात जाऊन आलो.

परत येताना सिग्नलला नाना मागून म्हणाले, "झेरॉक्स आहे म्हणा."

मी गाडी बाजूला घेतली.

"असा बघतोस काय? तुकोबांनी तरी सगळी कुठे बुडवली? निम्मी खतं धाकट्या भावाला दिली, कान्होबाला, त्याच्या वाटणीची म्हणून. आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. दुसऱ्याच्या हक्काला धक्का नाही. हिशेब चोख होता त्या माणसाचा." थोडं थांबून ते म्हणाले, "मलाही भाऊ आहे."

आता यंदाची ऋषिपंचमी.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दरवर्षी नानांकडे ऋषीची भाजी जेवायला असतो. काकूंच्या हातची ही भाजी म्हणजे आमच्या मजल्यावरचा सण. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसात-बांधावर जे येतं ते सगळं एका पातेल्यात. तेल नाही, मसाला नाही, आणि तरी बोटं चाटावी. नाना तर या भाजीचे भक्त. दरवर्षी ते पातेल्यातून निवडून निवडून एक विशिष्ट फोड वाढून घेतात. "ती कड्यासारखी आहे ना, मऊ, रस प्यायलेली, ती घाल गं अजून दोन." दरवर्षी काकू घालतात.

या वर्षी माझ्या मुलीला शाळेत सणांचा प्रकल्प होता. ती पाचवीत आहे. वही-पेन्सिल घेऊनच ती पानावर बसली आणि काकूंना विचारू लागली, भाजीत काय काय असतं? काकू वाढता वाढता सांगत होत्या, ही लिहीत होती आणि मोठ्यानं म्हणत होती. "अळू. भेंडी. लाल भोपळा. मक्याचं कणीस. सुरण. दोडका. आजी, आणि हे कडं कसलं?"

"पडवळ," काकू म्हणाल्या.

नानांचा घास वाटेत थांबला. त्या घासात, मी नीट पाहिलं, एक कडं होतं.

कुणी काही बोलेना. गणपतीपुढच्या समईची वात तडतडली तेवढीच. नानांनी घास पानात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. पंचवीस वर्षं बिनचूक समजलेल्या खात्यात अफरातफर सापडल्यावर येत असावं तसं.

"तू दरवर्षी घालतेस?"

"मग? ऋषीची भाजी आहे. पडवळाशिवाय कशी होईल?"

"अगं, पण मी सोडलंय ते! काशीला! घाटावर! तू शेजारी उभी होतीस!"

"तुम्ही काय काय सोडता ते लक्षात ठेवायला मी का वही ठेवते?" काकूंनी मुलीच्या पानात भात वाढला. "आणि ऋषींनी कुठे सोडलंय पडवळ?"

अकरा वर्षं. दरवर्षी एक पातेलं. शिवाय अजून दोन, अजून दोन. नाना मनात बेरीज करताना दिसत होते. मी धीर द्यायला म्हणालो, "नाना, अजाणतेपणी झालं. दोष लागत नाही."

"दोषाचं नाही रे," नाना म्हणाले. मग बराच वेळ ते पानातल्या त्या कड्याकडे बघत राहिले. "मला आवडतं हे."

जेवण तसंच अर्धवट ठेवून ते उठले, हात धुतले आणि वही घेऊन आले. पहिलं पान काढलं. अनुक्रमांक १. लाल पेनानं त्यांनी त्या ओळीवर पट्टी धरून सरळ रेघ मारली, आडवी, एकच. ऑडिटचा माणूस खाडाखोड करत नाही. मग शेवटचं पान उघडलं आणि निळ्या पेनानं लिहिलं : 'दुरुस्ती नोंद. अ. क्र. १ रद्द. पडवळ. आजपासून.' कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून काहीच लिहिलं नाही.

मी सवयीनं खिशातून पेन काढून टोपण उघडलं होतं. नानांनी शाई वाळायला फुंकर घातली, वही मिटली आणि देवाच्या फळीवर, गणपतीच्या मागे ठेवून दिली. मी टोपण परत लावलं. अकरा वर्षांच्या सेवेनंतर अशी वागणूक जरा लागतेच माणसाला.

नाना पानावर येऊन बसले. काकूंनी त्यांच्या वाटीतली सगळी कडी चमच्यानं एकेक करून काढली आणि पातेलं खरवडून उरलेली भाजी माझ्या पानात वाढली. नानांनी दहीभात कालवला. एक घास घेतला. दुसरा घेताना त्यांची नजर माझ्या पानावर आली.

"जून नाही ना लागत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मऊ आहे."

"हं," नाना म्हणाले, आणि काकूंनी लिंबाचं लोणचं त्यांच्याकडे सरकवलं.